कागदाच्या घड्या आणि छोट्या चित्रफितींतून सिग्नल प्रोसेसिंग शिकवता येईल का?

प्रश्न : पाचवे सत्र

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारच्या तिसऱ्या वर्षाला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाजासारख्या लहरीची ठरावीक अंतराने मोजमापे (नमुने) घेऊन त्यांवर गणित करण्याचा विषय, शिकवतो. विद्यार्थी सूत्रात किमती घालून उत्तर बिनचूक काढतात. परंतु सेकंदाला ८००० नमुने घेतले तर ५ किलोहर्ट्झचा स्वर ३ किलोहर्ट्झवर का ऐकू येतो, असे विचारले की सगळा वर्ग गप्प बसतो. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी आणि त्यांच्या छोट्या चित्रफिती पाहिल्यापासून मनात आहे की कागद, कात्री आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर आपल्या विषयाच्याही चार-पाच मिनिटांच्या मराठी चित्रफिती कराव्यात. एनपीटीईएल या अभियांत्रिकीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर तास-तासाची उत्तम व्याख्याने आहेतच, त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा विचार नाही.

जपानच्या १९९५ सालच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या यानावर सौरपटल मिउरा घडीने (एकाच ओढीत उलगडणाऱ्या कागदी घडीने) मिटवले होते, हे उदाहरण मी वर्गात सांगतो आणि मुलांना ते आवडते, पण तो विषय यंत्ररचनेचा झाला. सिग्नलच्या बाबतीत घडी घातल्याने संकल्पना खरोखर उलगडते, की नुसतीच करमणूक होते? आणि कागद कोणत्या ठिकाणी दिशाभूल करतो?

उत्तर : निवृत्त दूरसंचार

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कागदाच्या पट्टीवरच आहे. २४ सेंटीमीटर लांबीची पट्टी कापून दर २ सेंटीमीटरवर खूण करा आणि ० ते १२ आकडे लिहा. हे किलोहर्ट्झ समजायचे. नमुने सेकंदाला ८००० असतील तर ४ वर आणि ८ वर घडी घालायची, एक आत आणि एक बाहेर. तीनही थर जुळवून ३ च्या खुणेवर टाचणी आरपार टोचा आणि पट्टी उलगडा. भोके ३, ५ आणि ११ वर पडलेली दिसतील. या तीन स्वरांचे नमुने घेतल्यावर त्यांची वारंवारता एकच होते आणि पुढची कोणतीही गणिती करामत त्यांना वेगळे करू शकत नाही. टाचणी मात्र विद्यार्थ्यानेच टोचावी, आणि उलगडण्यापूर्वी भोके कुठे पडतील ते वहीत लिहून घ्यावे; नाहीतर ती जादूगाराची करामत ठरते.

याच पट्टीवर टेलिफोनचे गणितही सुटते. जुन्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झपुरता छाटून सेकंदाला ८००० नमुने घेतले जात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून एका संभाषणाला दर सेकंदाला ६४ किलोबिट लागत. मग ३४०० वरच का थांबायचे, ४००० पर्यंत का जायचे नाही, हा प्रश्न मुलांना नेहमी पडतो. घडी घातलेल्या पट्टीवर ३.४ च्या नेमका वर ४.६ येतो. म्हणजे फिल्टरला ३.४ पर्यंत आवाज जसाच्या तसा सोडून ४.६ पर्यंत तो दाबून टाकायला १२०० हर्ट्झची उतरण मिळते. घडीच्या रेषेवरच कड्यासारखा तुटणारा फिल्टर कोणालाही बनवता येत नाही.

उत्तर : तीन पाती

चित्रफीत करणारच असाल, तर कॅमेरा हे नुसते साधन न ठेवता त्यालाच प्रयोग करा. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो असे धरू. छताचा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५ फेरे होतात, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला १५ पाती जातात. हा आकडा ३० च्या बरोबर निम्मा आहे, त्यामुळे पंखा कोणत्या दिशेने फिरतो ते चित्रात ठरतच नाही आणि तीनऐवजी सहा पाती असल्याचा भास होतो. वेग ३३० फेऱ्यांवर नेला की प्रत्येक चित्रागणिक पाते ६६ अंश पुढे जाते. पण पुढचे पाते १२० अंशांवर असल्याने डोळ्याला ते ५४ अंश मागे आल्यासारखे वाटते आणि पंखा उलटा फिरू लागतो. आता पंखा बंद करून एकाच पात्याला लाल कागद चिकटवा. वेग तोच ठेवला तरी लाल पाते सरळच फिरताना दिसते, कारण ते सेकंदाला फक्त साडेपाच वेळा परत येते. एकाच चित्रात पांढरी पाती उलटी आणि लाल पाते सुलटे, हे पाहिल्यावर ‘कशाची वारंवारता’ हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतात.

घरातल्या मंद दिव्यात मात्र हा प्रयोग फसतो. अंधुक प्रकाशात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि पाती फरपटल्यासारखी पुसट होतात. म्हणून खिडकीजवळ, भर दुपारी चित्रीकरण करा. (ती पुसटपणाची तक्रारसुद्धा वाया घालवू नका, नमुना घेण्यापूर्वी सरासरी काढणे हा एक ओबडधोबड फिल्टरच आहे.)

उत्तर : फळा-खडू

मी या पद्धतीच्या विरोधात नाही, पण कागद फक्त जागा दाखवतो, बेरीज दाखवत नाही, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. ३ आणि ५ एकमेकांवर आले म्हणजे दोन्हींची तीव्रता मिळून दुप्पट झाली, असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात ३ आणि ५ किलोहर्ट्झच्या समान तीव्रतेच्या दोन साइन लहरी एकाच क्षणी शून्यातून वर निघाल्या असतील आणि त्याच क्षणापासून ८ किलोहर्ट्झने नमुने घेतले, तर प्रत्येक नमुन्याची बेरीज शून्य येते. एलिअसिंगचा (वेगवेगळ्या वारंवारता नमुन्यांत एकच दिसण्याचा) अर्धा भाग फेजमध्ये, म्हणजे लहर त्या क्षणी आपल्या फेऱ्यात कुठे आहे यात, आहे आणि टाचणीचे भोक त्याबद्दल काहीच बोलत नाही.

कागद खरोखर उपयोगी पडतो तो कॉन्व्होल्यूशनला, म्हणजे आकड्यांची एक मालिका उलटी करून दुसरीवरून सरकवत समोरासमोरचे आकडे गुणून मिळवण्याला. १, २, ३ ही एक पट्टी आणि १, १, १ ही दुसरी घेऊन, एक उलटी करून दुसरीवरून सरकवली की १, ३, ६, ५, ३ अशी पाच घरे मिळतात. आता ही पाच घरांची पट्टी तीन घरांच्या परिघाच्या कड्यावर गुंडाळा. चौथे घर पहिल्यावर येते, पाचवे दुसऱ्यावर, आणि एकमेकांवर आलेले आकडे मिळवले की ६, ६, ६ उरतात. तीन बिंदूंच्या डीएफटीने (नमुन्यांतल्या वारंवारता काढण्याच्या गणिताने) गुणाकार करून परत आलेले विद्यार्थी नेमके हेच उत्तर घेऊन येतात आणि चूक कुठे झाली ते शोधत बसतात. पट्टी पाच घरांच्या कड्यावर गुंडाळली की काहीच एकमेकांवर येत नाही. शून्ये जोडून लांबी का वाढवायची, ते वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्ता : पाचवे सत्र

सर्वांचे आभार. कड्याचा प्रयोग या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला घेतो. फेजबद्दलचा आक्षेप पटला, पण त्यासाठी घडीची पट्टी सोडून द्यावी लागेल का?

उत्तर : निवृत्त दूरसंचार

सोडायची गरज नाही, पांढऱ्या कागदाऐवजी घोटीव कागद घ्या, जो एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असतो. ० ते ४ हा भाग रंगीत बाजू वर ठेवून टेबलावर ठेवला आणि ४ वर घडी घातली की ४ ते ८ हा थर पांढरी बाजू वर करून येतो. ८ वर पुन्हा घडी घातली की परत रंगीत बाजू वर. नियम एवढाच की वर पांढरे दिसले तर साइनचे चिन्ह उलटते आणि कोसाइन तशीच राहते. त्यामुळे ५ किलोहर्ट्झची साइन ३ वर उणे होऊन बसते, तर ११ ची साइन सरळ. फळा-खडू यांच्या उदाहरणातली शून्य बेरीजही मग पट्टीवर वाचता येते. चित्रीकरणासाठी गडद निळा किंवा तांबडा कागद निवडा. पिवळा कॅमेऱ्यात पांढऱ्यापासून नीट वेगळा दिसत नाही.