आईला ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय, इंग्रजी येत नाही म्हणून सूट कशी मागायची? (कॅलिफोर्निया)

मदत हवी आहे. आम्ही बे एरियात राहतो, आई माझ्याकडेच असते, वय 68, सिटिझन आहे. तिला काउंटीच्या सुपिरिअर कोर्टाचं ज्युरीत, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, बसण्यासाठी समन्स आलंय, पुढच्या महिन्यातलं. रोजचं इंग्रजी ती कसंबसं बोलते, पण वकील काय बोलतायत, साक्षीदार काय सांगतोय हे तिला अजिबात कळणार नाही. कोणाच्या तरी आयुष्याचा निर्णय असतो तो, अर्धवट समजून तिने तिथे बसावं हे मला पटत नाही.

समन्स दुर्लक्षित करायचं नाहीये, दंड होऊ शकतो हे माहितीय. कोर्टाच्या पोर्टलवर तारीख पुढे ढकलता येते पण मग तेव्हा परत तेच. मेडिकल कारण द्यायचं तर सत्तरच्या आत असल्यामुळे डॉक्टरचं पत्र मागू शकतात, आणि तशी तब्येत ठणठणीत आहे, खोटं लिहायचं नाही. फॉर्मवर "पुरेसं इंग्रजी येत नाही" हा पर्याय आहे आणि तोच खरा आहे.

पण आई घाबरलीय, कारण सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तिने इंग्रजीतच दिला होता, वयामुळे इंग्रजीतून मिळणारी सवलत तिला तेव्हा लागू नव्हती. तिथे इंग्रजी येतं आणि इथे येत नाही असं दिसलं तर सिटिझनशिपवर काही येईल का ही तिची भीती. मला वाटतं नाही येणार, ती परीक्षा अगदी साध्या वाक्यांची असते, पण अनुभव असलेल्या कोणी सांगितलं तर तिला धीर येईल.

कोणी आईवडिलांसाठी हाच पर्याय निवडलाय का? नुसता फॉर्म भरून काम झालं, की तरी प्रत्यक्ष बोलावून जजसमोर विचारलं?