घरी डी अँड डी नाइट आहे, थीमवालं खायला काय देऊ? (ओव्हन नाही, ओटा छोटा)

घाटकोपरचा_डीएम
मंडळी मदत पाहिजे. एरवी आम्ही डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रंगवत फाशांवर खेळायचा गेम) कॅफेत खेळतो, पण येत्या रविवारी सेशन आमच्या घरी आहे, मी धरून सहा जण. गोष्टीतली पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) आधी एका खेड्यातल्या टॅव्हर्नमध्ये (खानावळीत) उतरणार आणि मग खाली तळघरातून थेट डंजन (धोक्यांनी भरलेलं भुयार), म्हणजे साधारण चार-पाच तासांचा मामला. मला वाटलं खाणं पण त्याच मूडचं असावं, म्हणून नेटवर बघितलं तर सगळीकडे अख्खी भाजलेली टर्की लेग, चीजचे डोंगर आणि 'ओव्हन प्रीहीट करा'. आमच्याकडे दोन बर्नरची शेगडी आहे, आणि आईने आधीच सांगून ठेवलंय की एकदा ओटा पुसला की परत कोणी तिथे फिरकायचं नाही.
अडचणी अजून आहेत. एक जण जैन आहे, दोघं नॉनव्हेजशिवाय तोंड वाकडं करणारे. वर रविवारचा मेगाब्लॉक, त्यामुळे वसईवाला आणि नेरूळवाली कधी टपकतील ते त्यांनाच माहीत. गरमागरम वाढायचं काही ठेवलं तर ते थंड होणार हे नक्की. सुचवा काहीतरी, पिझ्झा मागव सोडून.

दशमीवाली_ड्रुइड
अरे टर्की लेग कशाला हवीय, २०१४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये (खेळाच्या नियमपुस्तकात) रेशन्स म्हणजे काय ते लिहिलंय की: सुकवलेलं मांस, सुका मेवा, कडक बिस्किटासारखी रोटी आणि दाणे. म्हणजे प्रवासात टिकणारं कोरडं खाणं. आपल्याकडे हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय, कर गुळाच्या दशम्या! गूळ दुधात विरघळवून त्यात कणिक भिजवायची, थोडं तूप घालायचं, लाटून मंद भाजायची, सकाळी करून ठेवली तरी रात्रीपर्यंत मऊ राहते आणि हाताला तेल लागत नाही. सोबत खजूर, भाजलेले शेंगदाणे, तिळाची वडी. प्रत्येकाचं वेगळं गाठोडं बांध, साध्या सुती रुमालात, आणि पार्टी तळघरात उतरली की ते समोर ठेव. आम्ही नियम केला होता की गाठोडं सोडून खरंच खाल्लंस तर कॅरेक्टर शीटवरचं (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरचं) एक दिवसाचं रेशन कमी. लोक इतके कंजूष झाले की दोघांनी शेवटपर्यंत गाठ सोडली नाही, घरी घेऊन गेले.
आणि मे चालू आहे तर करवंदं विसरू नकोस!! स्टेशनबाहेर मावश्या टोपली घेऊन बसतात ना. खेळातल्या गुडबेरी स्पेलने (मंत्राने) जास्तीत जास्त दहा बेऱ्या होतात, एक खाल्ली की एक हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचा गुण) परत. द्रोणात मोजून दहा करवंदं ठेव, स्पेल टाकला की द्रोण पुढे सरकव. मग 'तू दोन खाल्लीस, मला एकच' अशी खरीखुरी भांडणं होतात, फार मजा येते. चीक हाताला चिकटतो तेवढा धुऊन आण.

पोशनवाला_पार्लेकर
खाणं झालं, आता पिण्याचं बघ. हीलिंग पोशन (पात्राच्या जखमा भरणारं जादूचं औषध) पुस्तकात लालच आहे, तेव्हा कोकम सरबत, विषय संपला. फक्त आगळ आणू नको, ते खारट असतं, गोड सिरप आण. इसेन्सच्या रिकाम्या छोट्या बाटल्या उकळून घे, बुचाला सुतळी गुंडाळ, आणि नियम असा की बाटली खरोखर संपवली तरच दोन डी४ (चार बाजूंचे फासे) टाकायचे आणि बेरजेत दोन मिळवून तेवढे हिट पॉइंट परत घ्यायचे.
पण खरी जादू गोकर्णाची. निळी फुलं सोसायटीच्या कुंपणावर असतातच (फवारणी केलेली घेऊ नको). देठाचा हिरवा भाग काढून मूठभर फुलं गरम पाण्यात टाक, पाच-दहा मिनिटांत पाणी गडद निळं होतं. त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी होतं, कारण त्या रंगद्रव्याचा रंग आंबटपणाप्रमाणे बदलतो. आता याचं कोडं कर: दोन पेले, एकात नुसतं साखरेचं पाणी, दुसऱ्यात लिंबू घातलेलं, दिसायला साधारण सारखे दिसतील एवढंच लिंबू घाल. विझर्डला (जादूगार पात्राच्या खेळाडूला) निळी बाटली द्यायची, म्हणायचं यातला एक पेला विषारी आहे, ओळख. तो दोन्हींत निळं ओततो आणि एकच गुलाबी होतो. कुठल्या रंगाला विष म्हणायचं ते तू ठरव. आमच्या 'रोग'ने (चोर पात्राच्या खेळाडूने) वास घेऊन ओळखलं तो भाग वेगळा.

तेलकट_डाइस_नको
सगळं छान आहे पण मी जरा पाणी ओततो. खाण्याने गेम थांबता कामा नये. फायटिंग ऐन रंगात आलीय, टर्न तुमचा आणि तुम्ही चटणी सांडताय, हे मला अजिबात चालत नाही. कॅरेक्टर शीटवर तेलाचा डाग पडला की पेन्सिल उमटत नाही, माझ्या क्लेरिकचे (पुजारी पात्राचे) स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांचा हिशेब, अजून वाचता येत नाहीत. त्यामुळे टेबलावर एका हाताने खाता येईल तेवढंच, बाकी सगळं बाजूच्या स्टुलावर. वेफर्स चॉपस्टिकने खायचे, हसा पण करून बघा. नॉनव्हेजवाल्यांना टॅव्हर्नच्या सीनमध्येच सुकं चिकन देऊन टाक, टूथपिक लावून, आणि त्यानंतर सगळ्यांनी हात धुवायचे मगच डाइसला हात.
आणि जैन मित्राला आधी विचार, गृहीत धरू नकोस. बटाटा-कांदा-लसूण नाही एवढं आपल्याला माहीत असतं, पण बरेच जण सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि मधही चालत नाही. तुमचं सेशन चारला सुरू झालं तर टॅव्हर्न सात वाजायच्या आत उरकायला हवी.

चायनाग्रास_चॅम्पियन
कोणीच जिलेटिनस क्यूब (खेळातला पारदर्शक जेलीचा चौकोनी राक्षस) कसा नाही म्हणालं??? मेगाब्लॉकवर हाच उतारा. जिलेटिन घेऊ नको, एक तर ते प्राणिज आणि मुंबईच्या उकाड्यात टेबलावर त्याचं पाणी होतं. चायना ग्रास घे. ते साधारण ३५-४० अंशांवर, म्हणजे फ्रिजबाहेरच सेट होतं आणि एकदा सेट झालं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही, वसईवाला दोन तास उशिरा आला तरी क्यूब उभाच. भिजवून, उकळून पूर्ण विरघळव, गाठ राहिली तर घशाखाली लागते. मग गॅस बंद करून खस सिरप घाल, हिरवा झिरझिरीत रंग येतो. चौकोनी डब्यात अर्धं ओत, वरचा थर जरा धरला पण अजून चिकट आहे तेव्हा काजूच्या पाकळ्या ठेव, ती हाडं, चार-दोन चेरी, आणि उरलेलं कोमट असतानाच वर ओत. पहिला थर पूर्ण थंड झाला तर दोन्ही थर सुटे होतात आणि कापताना मधोमध घसरतात. डबा उलटा करून टेबलाच्या मधोमध मिनिएचर्सच्या (पात्रांच्या छोट्या पुतळ्यांच्या) शेजारी ठेव. सुरी मात्र ज्याने क्यूबला शेवटचा फटका मारला त्याच्याच हातात.
हे पण जैन मित्राला विचारून कर, समुद्री शेवाळापासून बनतं.

घाटकोपरचा_डीएम
लोकहो काय बोलू, तुम्ही तर सेशनच लिहून दिलंत. विचारलं त्याला, चायना ग्रास चालतं म्हणाला, सूर्यास्ताचं मात्र पाळतो, म्हणून सुरुवात चारऐवजी तीनला ओढली. दशम्या आई करते म्हणाली, पण अट अशी की तिला पण एक कॅरेक्टर पाहिजे. @दशमीवाली_ड्रुइड पहिल्यांदाच खेळणाऱ्याला कुठला क्लास (पात्राचा प्रकार) देऊ? तिला हातात परडी असलेला माणूस हवाय.

दशमीवाली_ड्रुइड
ड्रुइडच (निसर्गाची जादू करणारं पात्र) दे, अजून काय! गुडबेरी तिच्याकडे आली की करवंदं पण तीच मोजून देईल. आणि सहाचे सात झालात, एक गाठोडं जास्त बांध.