मदत हवी आहे: सिग्नलला थांबलं की एसी कोमट, गाडी थरथरते

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल, ९० हजार किमी झालेत. चालताना एसी मस्त गार. सिग्नलला थांबलं की कोमट हवा येते, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ८०० वरून ५०० वर घसरतो, कधी इंजिनच बंद पडतं. एसी बंद केला की सगळं सुरळीत. गॅस भरून झाला, थ्रॉटल बॉडीही (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली.

काल बॉनेट उघडून बघितलं. एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा भाग) टक्‌टक् लागत-सुटत होता आणि कंडेन्सरचा (गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा ढिम्म! कंडेन्सरवर बाटलीभर पाणी ओतलं, तर लगेच गार हवा आली. गॅरेजवाले म्हणतात, कॉम्प्रेसरच बदला. मला ते पटत नाही. आधी पंख्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) बघू की मोटर? आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, भर उन्हात गाडी बंद पडली की जीव घाबरा होतो. कुणाला असाच अनुभव असेल तर कृपया सांगा.