फेसबुकवर ४१ हजार फॉलोअर, पण ऑफिसचं भाडं निघत नाही

बातमीवाला, बार्शी
स्थानिक बातम्यांचं पेज आणि यूट्यूब चॅनल चालवतो. सहावं वर्ष. मी, एक कॅमेरावाला पोरगा, आणि हिशेबाला बायको. पूर्वी मार्केट यार्डातले तुरीचे भाव टाकले की तासाभरात पंधरा हजार लोक बघायचे. परवा तीच पोस्ट ६१२ जणांना दिसली. वेबसाइटची लिंक जोडली की त्याहून कमी. चाललं काय, तर एसटी स्टँडवरची दोन वळूंची झुंज. ३४ सेकंदांचं यूट्यूब शॉर्ट, पावणेतीन लाख व्ह्यूज, हातात पेट्रोलपुरते पैसे. पेज सोडून व्हॉट्सॲपवर वर्गणी सुरू करावी का?

जुना डेस्कवाला
झुंज बघणारे बार्शीचे थोडेच असणार? शॉर्ट्सच्या जाहिरातींचे पैसे आधी एका सामाईक गल्ल्यात जातात, मग व्ह्यूजप्रमाणे वाटणी, त्यातले ४५ टक्के आपले. मोठ्या व्हिडिओला ५५. आणि फेसबुकनं जानेवारी २०१८मध्येच सांगितलं होतं की आधी मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट दाखवणार. आपण मात्र फॉलोअर मोजत बसलो.

किनाऱ्यावरची
माझे टिकटॉकवर ८० हजार होते. २९ जून २०२०ला बंदी आली आणि एकाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. आता मासळीचे भाव देते, महिना ३० रुपये, नावं वहीत. व्हॉट्सॲप चॅनल काढलंत तरी फॉलोअरचे नंबर दिसत नाहीत, तेव्हा वही हवीच. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, बायका निघून जातात. ब्रॉडकास्टला, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो त्या यादीला, २५६ची मर्यादा, वर समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला लागतो. मी पैसे घेतानाच समोर उभं राहून सेव्ह करून घेते!

साडीवाला
मी जाहिरात देणाऱ्यातला, रागावू नका. दिवाळीला तुमच्यासारख्यांना ५ हजार द्यायचो. आता पोरगा फेसबुकलाच ५०० रुपये भरतो, बार्शी-वैराग निवडतो, संध्याकाळपर्यंत पैठणीसाठी फोन. तुमच्या बातमीखालीच माझी जाहिरात दिसत असेल, पैसे मात्र त्यांना. तिथं तुम्ही त्यांना पुरे पडणार नाही. पण गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीची बातमी कुणीतरी केली, चौथ्या दिवशी माणसं आली. त्याचे वर्षाला हजार मी देईन. लाइकचे नाही देणार.

बातमीवाला, बार्शी
शेटजी, कापड लाइनच्या मागची गटार ना? ती आमचीच बातमी. ३१२ व्ह्यूज आले, म्हणून पुढचा भाग केलाच नाही, वळूंच्या मागं लागलो. ताई, वहीचं पटलं. तुरीचे भाव फुकटच ठेवतो, ते बंद केले तर शेतकरी शिव्या घालतील. बायको म्हणते, आधी दहा दुकानं पायी फिरून या. उद्या तुमच्याकडून सुरुवात करतो, चहा ठेवा.