बी.टेक. ‘ऑनर्स विथ रिसर्च’चा प्रबंध: नेमकं काय काय लागतं?

सहावं_सेम

सिव्हिल, स्वायत्त कॉलेज, सहावं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय. सीजीपीए ७.८. सातव्या-आठव्या सेमिस्टरला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचा विचार आहे. विषय डोक्यात आहे: उसाच्या बगॅसची (चिपाडाची) राख सिमेंटच्या जागी वापरून काँक्रीटची ताकद. बेत असा की ०, ५, १०, १५, २० टक्के राख, ७, २८, ५६, ९० दिवसांना टेस्ट आणि दर वेळी ३ क्यूब (काँक्रीटचे घन ठोकळे), म्हणजे एकूण ६०.

प्रश्न: जादा क्रेडिट किती? ७५ टक्क्यांची अट आहे म्हणतात, ती खरी का? ग्रुपमध्ये चालतं का? पेपर छापणं सक्तीचं आहे का? प्लॅगरिझम (उचलेगिरी) १० टक्क्यांच्या आत म्हणजे नेमकं कशाच्या आत? आणि हा विषय प्रबंधाला पुरेल का?

---

अध्यादेश_वाचक

नियमांपुरतं सांगतो, काँक्रीटचं जाणकार सांगतील.

७५ टक्क्यांची अट आहे, पण तुम्हाला नाही. ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चार वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. आराखड्यातली: पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. इंजिनिअरिंगवाल्यांची गाडी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) रुळावर चालते. तिथे ऑनर्ससाठी मूळ पदवीच्या वर १८ ते २० क्रेडिट लागतात. महाराष्ट्रात ४ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानंतर मूळ पदवी १६० ते १७६ क्रेडिटची आणि ऑनर्ससह १८० ते १९४ ची, असा साचा आहे. प्रवेशाची अट बहुतेक ठिकाणी ७.५ सीजीपीए आणि बॅकलॉग नको अशी असते. मात्र तो सीजीपीए चौथ्या सेमिस्टरअखेरचा धरतात की सहाव्या, हे कॉलेजागणिक बदलतं. परीक्षा विभागाकडून तुमच्या बॅचच्या पॅटर्नची नियमपुस्तिका घ्या. सीनियरची नको, त्यांचा पॅटर्न वेगळा असू शकतो.

क्रेडिटचा अर्थ तासांत काढा. प्रॅक्टिकलचे आठवड्याला २ तास म्हणजे १ क्रेडिट. १८ क्रेडिट दोन सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला १८ तास झाले, आणि हे नेहमीच्या मेजर प्रोजेक्टच्या वर. बरेच जण इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं की मेजर प्रोजेक्टच जरा फुगवून दोन्हीकडे दाखवता येईल. एकाच कामाला दोनदा क्रेडिट मिळत नाही. विषय जवळचे चालतात, पण प्रश्न, डेटा आणि अहवाल वेगळे हवेत.

ग्रुपचं म्हणाल तर मेजर प्रोजेक्ट ग्रुपने होतो, ऑनर्सचा प्रबंध सहसा एकट्याचा. लॅबमध्ये चौघांनी मिळून कास्टिंग करायला हरकत नाही, पण कुणाचा प्रश्न कोणता ते सिनॉप्सिसमध्येच (सुरुवातीच्या आराखड्यातच) लिहून गाईडची सही घ्या. व्हायव्हाच्या दिवशी ही वाटणी ठरवायला गेलात तर एक्स्टर्नल सोडत नाही.

---

काँक्रीट_लॅब

विषय चालेल, प्रश्न चालणार नाही. ‘राख घातली तर ताकद किती’ यावर शेकडो पेपर आहेत आणि बहुतेकांचं उत्तर तेच: १०-१५ टक्क्यांपर्यंत ठीक, पुढे घसरण. तुमच्या ६० क्यूबमधूनही हेच निघेल. त्याला प्रोजेक्ट म्हणतात, प्रबंध नाही. प्रबंधात एक चल घेऊन ‘का’ विचारावं लागतं.

उदाहरण देतो. राख १५ टक्क्यांवर पक्की धरा आणि बॉल मिलमध्ये दळण्याचा वेळ बदला. चार मिक्स होतील: कंट्रोल (राख नसलेला), फक्त चाळलेली राख, ३० मिनिटं दळलेली, ६० मिनिटं दळलेली. बारीक केल्याने राखेची सिमेंटच्या चुन्याशी होणारी क्रिया वाढते, की बारीक कण नुसत्या पोकळ्या भरतात? ७ दिवसांना फरक दिसला आणि ९० ला तेवढाच राहिला तर पोकळ्या भरल्या म्हणायला जागा आहे. फरक वयाबरोबर वाढत गेला तर क्रिया होतेय. हा प्रश्न तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सुटू शकतो.

आता क्यूबची संख्या. एकाच बॅचमधून काढलेले ३ क्यूब म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, एकाच प्रयोगाची तीन मापं आहेत. बॅच मिसळताना चुकली तर तिघेही सारखेच चुकणार. म्हणून प्रत्येक मिक्स दोन वेगळ्या दिवशी करा. ५६ दिवस गाळा. ४ मिक्स × ३ वयं × ३ क्यूब × २ बॅच = ७२ क्यूब. १५० मिमीचा क्यूब साधारण ८.१ किलोचा, म्हणजे एकूण ५८० किलोच्या वर. क्युअरिंग टँकमध्ये तेवढी जागा आहे का, ते आधी लॅब असिस्टंटला विचारा.

माल किती लागेल: एका बॅचमध्ये ९ क्यूब, १५ टक्के वाया धरून ३५ लिटर काँक्रीट. बाइंडर (सिमेंट + राख) ४०० किलो प्रति घनमीटर धरलं तर बॅचला १४ किलो. आठ बॅचना ११२ किलो, त्यात राख १२.६ किलो आणि सिमेंट ९९.४, म्हणजे ५० किलोच्या दोन गोण्या. ट्रायल मिक्ससाठी तिसरी गोणी लागेलच. तिन्ही गोण्या एकदम आणि एकाच आठवड्याच्या छाप्याच्या घ्या, पॉलिथिनमध्ये बांधून ठेवा.

सिमेंट ओपीसी ५३ (साधं पोर्टलँड) हवं. दुकानदार न विचारता पीपीसी देतो. त्यात फ्लाय अॅश (कोळशाची राख) आधीच असते, मग तुमची राख काय करतेय ते कळणारच नाही. बिलावर ओपीसी लिहून घ्या. क्षुल्लक वाटेल, पण अख्खा कंट्रोल मिक्स यावर बाद होतो.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. बगॅसच्या राखेत न जळलेला कार्बन असतो, तो पाणीही ओढतो आणि सुपरप्लास्टिसायझरही (पाणी न वाढवता मिक्स पातळ करणारं रसायन). मिक्स कोरडं दिसलं की मुलं मगभर पाणी ओततात, ताकद पडते, आणि निष्कर्षात लिहितात की राखेमुळे ताकद कमी झाली. ती पाण्यामुळे कमी झालेली असते. वॉटर-बाइंडर रेशो ०.४५ वर पक्का ठेवा, स्लम्प (ओलं काँक्रीट किती बसतं त्याचं माप) ७५ ते १०० मिमीत आणायला फक्त सुपरप्लास्टिसायझर बदला आणि डोस ग्रॅममध्ये नोंदवा. दळलेल्या राखेला डोस कमी लागला तर तोही निकालच, त्याचं वेगळं टेबल करा.

क्रश सँडचा ओलावा प्रत्येक कास्टिंगच्या सकाळी काढा. घनमीटरला ७०० किलो वाळू धरली तर २ टक्क्यांची चूक म्हणजे १४ लिटर पाणी, म्हणजे ०.४५ चा रेशो थेट ०.४८५.

मिक्स डिझाइन आयएस (भारतीय मानक) १०२६२:२०१९ ने करा. एम३० (३० ताकदीचं काँक्रीट) साठी टार्गेट ताकद ३० + १.६५ × ५ (गृहीत विचलन) = ३८.२५ न्यूटन प्रति चौरस मिमी. टेस्टिंगला लोडिंग रेट १४ न्यूटन प्रति चौरस मिमी प्रति मिनिट, म्हणजे १५० च्या क्यूबवर सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन. हाताने व्हॉल्व्ह फिरवायच्या मशीनवर घाई केली की आकडा फुगतो. क्यूब पाण्यातून काढून ओला असतानाच टेस्ट करा, वाळवून नाही. तिघांतला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेला तर आयएस ४५६ प्रमाणे तिन्ही क्यूबचा तो अख्खा नमुना धरत नाहीत. पण रजिस्टरमधून खोडू नका. आकडा तसाच ठेवून शेजारी कारण लिहा: बाजू सपाट नव्हती, कोपरा तुटला होता, जे असेल ते.

---

सहावं_सेम

दळण्याचा प्रश्न आवडला. राखेच्या टेस्ट कोणत्या करायच्या? आणि कास्टिंग जुलैमध्ये, सातवं सेम सुरू झालं की लगेच केलं तर चालेल ना?

---

काँक्रीट_लॅब

कॉलेजमध्येच होतात त्या आधी: ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्या चाळणीने उरलेला भाग, विशिष्ट गुरुत्व, आणि भट्टीत तापवून होणारी वजनातली घट. बगॅसच्या राखेसाठी वेगळं मानक शोधत बसू नका. तुलनेला फ्लाय अॅशचं आयएस ३८१२ भाग १ घ्या: तापवल्यावरची घट ५ टक्क्यांपर्यंत, ४५ मायक्रॉनवर ३४ टक्क्यांपर्यंत, सिलिका + अॅल्युमिना + आयर्न ऑक्साइड ७० टक्क्यांच्या वर. घट पाचच्या वर निघाली तर घाबरू नका, बॉयलरची राख बऱ्याचदा तशीच असते. पण तो आकडा न काढता पुढे जाऊ नका, सुपरप्लास्टिसायझरचं कोडं त्यातच सुटतं.

बाहेरच्या टेस्ट दोन, एक्सआरएफ (कोणती ऑक्साइडं किती) आणि एक्सआरडी (स्फटिकरूप काय आहे). एक्सआरडी जास्त महत्त्वाची. बॉयलरमध्ये फार तापलेल्या राखेतली सिलिका स्फटिकरूप होते आणि मग ती क्रिया फारशी करत नाही. आलेखात नुसती टोकदार शिखरं दिसली तर दळूनही फायदा मर्यादित. मधे पसरट फुगवटा दिसला तर आशा आहे. शिवाय राखेबरोबर वाळू-माती आली असेल तर क्वार्ट्झचं शिखर त्याचंही असतं, ते राखेतल्या सिलिकाच्या नावावर खपवू नका. आय-स्टेम पोर्टलवर जवळचं उपकरण सापडतं, आयआयटी मुंबईच्या सैफमध्येही (उपकरण केंद्रात) नमुने घेतात. रांगेत आठवडे जातात, म्हणून नमुना कास्टिंगच्या खूप आधी पाठवा. एसईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो देखणे दिसतात, पण ते काय सांगतात हे लिहिता येत नसेल तर पैसे घालवू नका.

---

गाळप_हंगाम

जुलैच्या बेतात मोठं भोक आहे. राख कुठून आणणार? महाराष्ट्रात कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत विझतात. जुलैत गेलात तर आवारातल्या ढिगाऱ्याची, पावसात भिजलेली, माती मिसळलेली राख मिळेल. ती कुठल्या दिवसाची, कुठल्या बॉयलरची, कुणालाच सांगता येणार नाही.

हंगाम चालू आहे तोवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या नावे द्या आणि राख आताच आणा. चाळून बरीच वाया जाते, म्हणून १२.६ किलोसाठी ४०-५० किलो उचला. ही राख हलकी असते, तेवढ्याला दोन-तीन पोती लागतील. शेतकी विभागात हेलपाटे मारू नका, को-जन (वीजनिर्मिती) किंवा बॉयलर विभागाच्या इंजिनिअरला भेटा. त्याला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: राख ग्रेटखालची (भट्टीच्या जाळीखालची) की धुरातून पकडलेली, पकडताना पाणी मारलं होतं का, आणि त्या दिवशी बगॅसबरोबर कोळसा किंवा दुसरं काही जाळलं होतं का. तिसरं उत्तर ‘हो’ आलं तर ती राख तुमच्या कामाची नाही, दुसऱ्या दिवशी या.

आणल्यावर ओव्हनमध्ये १०५-११० अंशांना २४ तास वाळवा, सगळी एकत्र ढवळून एकजीव करा आणि झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. दोन पोत्यांतली राख वेगवेगळी वापरली तर दुसऱ्या बॅचला तुमचा चलच बदलला. चाळताना मास्क लावा, सिलिकाची धूळ आहे ती.

---

ग्रंथालय_खिडकी

प्लॅगरिझमबद्दल. १० टक्क्यांचा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला. १० पर्यंत दंड नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, त्यावर नोंदणी रद्द. ही नियमावली मास्टर्स आणि संशोधन पदव्यांसाठी आहे, प्रोजेक्ट रिपोर्ट तिच्या व्याख्येतूनच वगळलेत. तुमचं कॉलेज तोच आकडा बी.टेक.ला लावत असेल तर तो कॉलेजचा नियम, आणि दंडही कॉलेजच्याच पुस्तिकेत बघायचा.

तपासणीत संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला उल्लेखासह मजकूर, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी वगळायची असते. अहवाल ३० टक्के आला की आधी हे फिल्टर लावले होते का ते विचारा. खरी जुळणी बहुधा पद्धतीच्या प्रकरणात निघते, कारण आयएस कोडची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली असतात. कोडचा क्रमांक द्या आणि तुम्ही प्रत्यक्ष काय केलं ते लिहा: किती किलो, कुठलं मशीन, किती मिनिटं. असं वाक्य कुणाशी जुळत नाही. दुसऱ्याच्या पेपरातले आलेख सॉफ्टवेअर पकडत नाही, परीक्षक पकडतो.

पेपर बहुतेक ठिकाणी ‘इष्ट’ असतो, सक्तीचा नाही. ९० दिवसांचे निकाल आल्यावर सादरीकरणापर्यंत उरलेल्या वेळात चांगल्या जर्नलमध्ये स्वीकृती येत नाही. ‘सात दिवसांत प्रकाशन, यूजीसी केअर लिस्टेड’ असे मेसेज येतील. केअर (मान्य जर्नलांची) यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा तो दावा करणाऱ्याला तिथेच ओळखा. नियम सक्तीचा असेल तर कॉन्फरन्स बघा आणि तिचा आयएसएसएन (प्रकाशन क्रमांक) स्कोपस या संशोधन-सूचीच्या यादीत स्वतः शोधा.

बांधणीचं, डाव्या समासाचं, फाँटचं टेम्प्लेट विभाग देतो, त्यावर वेळ घालवू नका. फक्त संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोमध्ये (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकत जा.

---

अध्यादेश_वाचक

एक राहिलं. गाईड पेटंटचं बोलत असतील तर पोस्टर, प्रदर्शन किंवा पेपर याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज जायला हवा. एकदा जगाला दाखवलं की नावीन्य गेलं. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

---

सहावं_सेम

मग क्रम असा लावतो: या आठवड्यात नियमपुस्तिका आणि कारखान्याचं पत्र, मार्चमध्ये राख, एप्रिलमध्ये तापवून घट आणि एक्सआरडीचा नमुना, जुलैत ट्रायल मिक्स, ऑगस्टमध्ये कास्टिंग. लॅबमध्ये ९ साचेच मोकळे मिळतील.

---

काँक्रीट_लॅब

९ पुरतात. आज भरले की उद्या साचे सोडून लगेच दुसरी बॅच. आठ बॅच दोन आठवड्यांत बसतात. पहिल्या चार बॅचमध्ये चारही मिक्स एकेकदा घ्या, मग दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीत क्रम बदला. कंट्रोल दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी नको, नाहीतर हवामानाचा फरक राखेच्या खात्यात जातो. ऑगस्टअखेरच्या कास्टिंगचे ९० दिवस नोव्हेंबरअखेर भरतात, तेव्हा सेमिस्टरच्या परीक्षा असतात आणि लॅबला कुलूप. टेस्टिंगच्या तारखांची यादी आत्ताच लॅब असिस्टंटच्या कॅलेंडरवर लिहून या.