फक्त श्रद्धांजलीच का?

निवृत्तीनंतर वर्गमित्रांच्या ग्रुपवर आजारपण आणि श्रद्धांजलीशिवाय काही येत नाही, असं म्हणतात. खरंय, पण बरंचसं आपल्याच हातात आहे. आमच्यातला एकजण बायपासनंतर अबोल झाला होता. एका मैत्रिणीने ग्रुपवर न लिहिता थेट फोन लावला, प्रॅक्टिकलला त्याने फोडलेल्या ब्युरेटची (द्रव मोजायच्या काचेच्या नळीची) आठवण काढली. गडी तासभर बोलला! हार्वर्डने १९३८ साली सुरू केलेल्या अभ्यासात कॉलेजची मुलं पार म्हातारपणापर्यंत पाहिली गेली. जिव्हाळ्याची नाती असलेल्यांची तब्येत उतारवयात जास्त चांगली दिसली.

आणखी एक, अगदी आवर्जून: जे गेले त्यांच्या जोडीदारांनाही ग्रुपमध्ये घ्या. आमच्याकडे दोघी आहेत. नातवंडांच्या बातम्या सगळ्यात आधी त्याच कळवतात.