पत्रात नेमकं काय मागायचं

'खासदारांना पत्रं लिहून गाझातली युद्धबंदी होणार आहे का' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नुसतं 'शांतता हवी' असं लिहिलं तर फार तर पोच मिळते. मागणी नेमकी हवी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझाविषयीच्या ठरावांवर भारत २७ ऑक्टोबर २०२३ ला तटस्थ राहिला, १२ डिसेंबरला त्याने युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं आणि जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ. हे का, ते खासदारांना संसदेत परराष्ट्रमंत्र्यांना विचारायला लावा. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत तुम्हीच लिहून द्या. लोकसभेत पूर्ण १५ दिवस आधी नोटीस लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा कळल्या की लगेच पाठवा. अतारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर नसतं) चिठ्ठ्या टाकून होणाऱ्या निवडीत निघाला तर लेखी उत्तर येतं, आणि ते लोकसभेच्या संकेतस्थळावर राहतं.

आणि कृपा करून 'मदत' हा शब्द मोघम ठेवू नका, इंधन वेगळं मागा. गाझातले खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प, मलनिस्सारणाचे पंप, रुग्णालयांचे जनरेटर डिझेलवर चालतात. पिठाचे ट्रक आत पोचले तरी इंधनाशिवाय बेकरी बंदच राहते.